पानगळीचा हिशेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली आहे. संस्थेची स्थापना, पहिली बोअरवेल, लिफ्टचा वाद, हे सगळं इतर वक्त्यांनी सांगितलं आहे. मी बोलणार आहे पालापाचोळ्यावर. हसू नका. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत पार्किंगच्या खालोखाल भांडणं कशावरून झाली असतील तर ती या पाचोळ्यावरूनच. आणि त्यातला एक हिशेब माझ्या नावावर बाकी आहे. तो आज चुकता करायचा आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २००० साली आपण इथे आलो तेव्हा बेसा रोडच्या या बाजूला शेतंच होती. काळी माती. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन यावं लागे, आणि उन्हाळ्यात सावलीला एक झाड नव्हतं. २००१ च्या पावसाळ्यात आपण श्रमदानानं झाडं लावली. कडुनिंब, करंज, गुलमोहर, देशी बदाम, कंपाउंडच्या कडेनं अशोक. पिंपळ कोणी लावला नाही, तो आपला आपणच आला. आज मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा आपल्या गेटच्या आत शिरताच बरं वाटतं, ते या झाडांमुळे.

पण झाड सावली देतं तसं पानंही टाकतं. संक्रांत झाली की कडुनिंब पिवळा पडू लागतो. होळीच्या सुमारास करंज झडतो. बदामाची लाल पानं तर ताटाएवढी. चैत्रातला वारा सुटला की सकाळी झाडलेलं आवार दुपारी जसंच्या तसं. मग तक्रारी सुरू. ‘गाडीवर पानं पडतात.’ ‘गच्चीचा पाइप तुंबला.’ ‘साप येईल.’ आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘त्यापेक्षा झाडच तोडून टाका ना!’ झाड तोडायला महानगरपालिकेची परवानगी लागते, १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, म्हणून आपली झाडं वाचली. नाहीतर सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर व्हायला वेळ लागला नसता!

आमच्या लहानपणी पाचोळ्याला कचरा म्हणत नव्हते. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण व्हायचे, आंब्याच्या पानांचं तोरण व्हायचं, कडुनिंबाचा वाळलेला पाला धान्याच्या कोठीत जायचा. उरलेलं सगळं, गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, अंगणातला पाला, गावाबाहेरच्या उकिरड्यावर पडायचं आणि मृगाच्या आधी बैलगाडीनं शेतात जायचं. उकिरडा हा शब्द आपण आज शिवीसारखा वापरतो. खरं म्हणजे ते शेतकऱ्याचं बचत खातं होतं. शहरात आलो, फरशी बसवली, आणि खातं बंद करून टाकलं.

मग शहरात पाचोळ्याचं करायचं काय? रोजच्या कचरागाडीत तो मावत नाही. मावला तरी जातो कुठे? भांडेवाडीला. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, रोगराई घेऊन जा म्हणून आपण तिला शहराबाहेर पाठवतो. कचऱ्याचंही आपण तसंच करतो. गेटबाहेर गेला की संपला! पण तो संपत नाही. ढिगाच्या आत हवा पोचत नाही, तिथे पाला कुजला की मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेणारा. उन्हाळ्यात भांडेवाडीला आग लागल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि तो धूर तिकडच्या वस्तीतल्या लोकांच्या घरात शिरतो.

दुसरा मार्ग काडेपेटीचा. तोच आपण पत्करला होता. आपण म्हणण्यापेक्षा, मीच.

मी २०११ साली बँकेतून निवृत्त झालो आणि लगेच तुम्ही मला सचिव केलं. निवृत्त बँकवाला म्हणजे फुकटचा हिशेबनीस! तेव्हा आपल्याकडे झाडझूड करायला एक मावशी होत्या. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. त्या खराट्यानं पाला गोळा करायच्या आणि मागच्या मोकळ्या जागेत ढीग लावायच्या. ढीग छातीएवढा झाला की मी सांगायचो, ‘पहाटे लावून टाका, लोक उठायच्या आत.’ त्या एकदा म्हणाल्याही होत्या, ‘साहेब, धूर लय होते, पोरं खोकलतात.’ मी म्हणालो, ‘दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.’

दहा मिनिटांचा प्रश्न नव्हता. पाल्याचा ढीग भडकून जळत नाही, आतल्या आत धुमसतो. पाला जितका ओलसर तितका धूर जास्त. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि इतके बारीक कण असतात की ते नाकात न अडकता थेट फुप्फुसात जातात. पहाटेची हवा थंड आणि स्थिर, त्यामुळे धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो. म्हणजे ‘लोक उठायच्या आत’ ही माझी हुशारी सगळ्यात वाईट वेळ निवडत होती.

मार्च २०१३ मधली ती पहाट. आदल्या रात्री चार थेंब पडले होते, पाला दमट होता. वारा बी विंगकडे वळला. तळमजल्यावर पाच वर्षांचा एक मुलगा होता, त्याला बाळदमा. खिडक्या उघड्या होत्या. त्याला श्वास घेता येईना म्हणून साडेसहाला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि दोन रात्री तिथेच ठेवलं. ढिगाजवळच्या कडुनिंबाची एक बाजू होरपळली ती वेगळीच. मुलगा बरा झाला. यंदा तो बारावीला आहे आणि इथेच बसला आहे.

त्यानंतरच्या सभेत त्याच्या आजोबांनी विचारलं, ‘पाला जाळायला कोणी सांगितलं?’

मंडळी, त्या वेळी मी उभं राहायला हवं होतं. मी उभा राहिलो नाही. मी समोरचे कागद चाळत बसलो. कोणीतरी म्हणालं, ‘मावशींनी लावला असेल, त्यांना काय कळतं?’ मी तेही खोडून काढलं नाही. उलट इतिवृत्त माझ्याच हातानं लिहिलं : ‘सफाई कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे आग लागली. सदर कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात यावे.’ ठराव एकमतानं मंजूर. मावशी गेल्या. जाताना काही बोलल्या नाहीत.

बँकेत आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, की चूक झाली तर खोडायची नाही, त्यावर पांढरा रंग लावायचा नाही. चुकीची नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची नोंद वेगळी घालायची आणि खाली सही करायची. तीस-पस्तीस वर्षं हे इतरांना शिकवलं. स्वतःच्या वहीत मात्र बारा वर्षं दुरुस्ती घातली नाही. ती आज घालतो. २०१३ ची ती नोंद चुकीची आहे. आग लावायला मी सांगितलं होतं. मावशींनी माझा हुकूम पाळला, आणि धुराबद्दल मला आधीच सावध केलं होतं. हे या स्मरणिकेत छापून यावं, म्हणून मी आज हा विषय घेतला.

नियम माहीत नव्हता असं म्हणण्याचीही सोय नाही. आपली संस्था ज्या वर्षी नोंदली गेली त्याच वर्षी, २००० साली, केंद्र सरकारनं शहरी घनकचऱ्याचे नियम काढले, आणि त्यात कचरा व सुका पालापाचोळा जाळू नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे आपण आणि तो नियम एकाच वयाचे! २०१६ साली नवे नियम आले. त्यात बागेतला पाला वेगळा साठवावा, जाळू नये, असं पुन्हा सांगितलं, आणि पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या वसाहतींनी कुजणारा कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा असंही सांगितलं. आपलं आवार त्याहून थोडं मोठंच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली.

मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाचोळ्याचं काय करायचं हे मला फार आधीपासून माहीत होतं. १९८८ च्या सुमारास मी यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या शाखेत होतो. पुसद म्हणजे नाडेपकाकांचं गाव. ना. दे. पांढरीपांडे, या नावाच्या अक्षरांवरूनच त्यांच्या पद्धतीला ‘नाडेप’ म्हणतात. आपल्या विदर्भातल्या माणसानं काढलेली ही पद्धत पुढे देशभर गेली. कर्जाच्या पाहणीसाठी शेतावर गेलो की ती टाकी दिसायची. विटांची, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींना मुद्दाम ठेवलेली भोकं, हवा खेळावी म्हणून. आत सहा इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचं पाणी, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर, असं करत टाकी भरायची आणि वरून शेणमातीनं लिंपायची. सुमारे शंभर किलो शेण आणि चौदा-पंधराशे किलो काडीकचरा. तीन-चार महिन्यांत त्यातून साधारण तीन टन खत निघतं. एक शेतकरी मला म्हणाला होता, ‘साहेब, शेण थोडं अन् पाला लय. दही लावल्यावानी आहे हे.’ ते वाक्य डोक्यात राहिलं, पण घरी आल्यावर हातात काडेपेटीच राहिली.

२०१५ मध्ये भाजीबाजारात मावशी भेटल्या. मी नजर चुकवत होतो. त्यांनीच हाक मारली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘साहेब, तो कडुनिंब जगला का?’ जगला, म्हणालो. ‘बरं झालं,’ म्हणाल्या आणि मेथी निवडू लागल्या. घरी आल्यावर आमच्या सौ.ना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘झाडाची चौकशी त्यांनी केली. त्यांची चौकशी तुम्ही केली का?’

२०१७ साली मी कार्यकारिणीकडे दोन अर्ज दिले. एक, मागच्या जागेत पाचोळ्याचे पिंजरे करू द्यावे. दोन, मावशींना परत बोलवावं. ‘काम चांगलं करतात’ एवढंच कारण लिहिलं, खरं कारण तेव्हाही लिहिलं नाही. मावशी आल्या. मी त्यांना एकट्यानं सांगायला गेलो तर म्हणाल्या, ‘सगळ्याइले मालूम होतं साहेब. तुम्हालेच वाटे कोणाले मालूम नाही.’

आता कामाचं बोलतो, कारण नव्या सभासदांना हे माहीत नाही आणि पिंजऱ्यात कोणी काहीही टाकतं.

पिंजरा म्हणजे तारेची जाळी. तेरा फूट जाळी गोल वळवली की चार फूट व्यासाचा, चार फूट उंचीचा पिंजरा होतो. खाली फरशी नको, माती हवी. तळाला काटक्या, म्हणजे खालून हवा येते. मग एक हात पाचोळा, त्यावर घमेलंभर शेणकाला किंवा जुनं खत, मूठभर माती, पाणी. परत पाचोळा. पाय देऊन दाबायचं, पण ठेचायचं नाही.

पहिल्या वर्षी आपलं खत झालंच नाही, आठवतं? मे महिना संपला तरी पानं जशीच्या तशी. लोक म्हणाले, ‘बँकवाल्याची एफडी मॅच्युअर होईना!’ चूक दोन ठिकाणी होती. पहिली पाण्याची. आपल्या उन्हाळ्यात ढीग दोन दिवसांत कोरडा पडतो आणि कोरड्यात जिवाणू काम करत नाहीत. आतला पाचोळा मुठीत दाबून बघायचा : हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. दुसरी चूक म्हणजे ढिगात नुसता वाळका पाला होता. वाळक्या पानात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. खत नीट व्हायला साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन लागतो, वाळक्या पाल्यात हे प्रमाण पन्नास-साठाला एक असतं. म्हणून त्यात हिरवं मिसळायचं : लॉनचं कापलेलं गवत, मेहंदीच्या कुंपणाची छाटणी, भाजीची देठं, शेण. नुसतं हिरवं गवतही ढिगात घालू नये, त्याचा चिकट गोळा होतो आणि वास सुटतो. दोन्ही एकत्र आले की ढीग आतून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापतो. हात घातला तर चटका बसतो. तण-गवताचं बी बरंचसं त्या उष्णतेनं मरतं.

दर पंधरा दिवसांनी ढीग पालटायचा. पावसाळ्यात वरून झाकायचा, नाहीतर पाणी साचून हवा बंद होते. २०१८ च्या जुलैत तळमजल्यावरच्या मंडळींनी नाक दाबून माझ्या दारापर्यंत मोर्चा आणला होता, तो त्यामुळेच. साप-विंचवाची भीती खोटी नाही. म्हणून ढीग महिनोन्‌महिने न हलवता ठेवायचा नाही, आणि काम करताना दाताळं वापरायचं, गमबूट घालायचे. ते बूट संस्थेनं मावशींना दरवर्षी द्यायचे आहेत, याची आठवण मी खजिनदारांना या माइकवरून करून देतो. दिवाळीत ढिगावर पाणी मारून मातीचा थर द्यायचा. रॉकेट कोणाचं ऐकत नाही.

कडुनिंबाचा आणि करंजाचा पाला लवकर कुजतो. आंबा, बदाम, अशोक यांची पानं चामड्यासारखी, त्यांना वेळ लागतो, म्हणून ती दुसऱ्या पिंजऱ्यात. जाड फांद्या पिंजऱ्यात टाकायच्याच नाहीत. निर्माल्य चालेल, पण दोरा, प्लास्टिक, अगरबत्तीचं पाकीट काढून. फुलावर आलेलं गाजरगवत नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मांजा. संक्रांतीनंतर झाडाच्या पानांसोबत नायलॉन मांजा खाली येतो. त्यावर बंदी आहे, तरी येतोच. तो कुजत नाही, आणि मावशींचं बोट त्यानं कापलेलं आहे. मुलांनो, हे तुमच्यासाठी सांगतो आहे.

ज्यांच्या घरी गॅलरीत ओल्या कचऱ्याची बादली आहे त्यांनी पिंजऱ्याजवळच्या पोत्यातून पाचोळा न्यावा. एक वाटी ओला कचरा, तर दोन वाट्या चुरलेला पाचोळा. पाणी सुटत नाही, चिलटं होत नाहीत. आणि कुंड्यांत, आळ्यांत नुसता पाचोळा दोन इंच पसरला तरी मे महिन्यात माती झाकलेली राहते, पाणी कमी लागतं. त्याला काहीच खर्च नाही.

हे करणारे आपण एकटे नाही. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे आणि ज्यांना बागेसाठी हवा आहे, त्यांची गाठ घालून देतात. पोती भरून पाचोळा माणसं हौसेनं घेऊन जातात. आपल्या नागपुरात तर ‘नीरी’सारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे. आणि आपल्याकडच्या घाटांवर शेतातल्या काडीकचऱ्याचे ठोकळे करून ‘मोक्षकाष्ठ’ म्हणून वापरतात, लाकडाऐवजी. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो, तो शेवटी आपल्याला पोचवायलाही येतो.

आता आपला हिशेब. मागच्या वर्षी दोन पिंजऱ्यांतून चाळून अकरा पोती खत निघालं. काळसर, भुरभुरीत, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास. सहा पोती आपल्याच झाडांना घातली, पाच विकली. त्या पैशातला अर्धा वाटा मावशींचा, अर्धा संस्थेचा. होरपळलेला कडुनिंब आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेला आहे. त्याची जळकी बाजू अजून ओळखू येते, जवळ जाऊन बघा.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या सर्वसाधारण सभेत २०१३ चं ते इतिवृत्त दुरुस्त करणारा ठराव घ्यावा आणि त्यावर माझी सही घ्यावी. चार वर्षं ज्यांचं काम गेलं त्यांचं देणं मी आणि त्या आमच्यात बघून घेऊ, तो संस्थेवर भार नाही. दुसरी, या रौप्यमहोत्सवी वर्षापासून आपल्या झाडाचं एकही पान काडेपेटीकडे किंवा भांडेवाडीकडे जाणार नाही, असा ठराव व्हावा. हा मांडायला मी सूचक म्हणून उभा राहीन. अनुमोदक म्हणून बी विंगमधल्या त्या मुलाच्या आजोबांनी उभं राहावं, अशी माझी इच्छा आहे. ते आज समोर बसले आहेत. त्यांचं उत्तर सभेतच द्यावं, आत्ता नको.

मावशी मागे, मांडवाच्या खांबाजवळ उभ्या आहेत. मी बोलत असताना दोनदा त्यांनी हातानं ‘पुरे’ अशी खूण केली. म्हणून थांबतो. मुलांनो, जेवणाच्या पत्रावळी आज पळसाच्या आहेत. जेवण झालं की त्या कुठल्या पिंजऱ्यात टाकायच्या ते मावशींना विचारा.